अनोळखी नव्हे, अप्पी

जलजाक्षीअक्का पहिल्यांदा अभिलेखागारात आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत वर्तमानपत्राचा एक कपटा होता. तो त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि हाताने सारखा केला.

"हे कुणी लिहिलं?"

आमच्याच प्रदर्शनाची बातमी होती ती. मंगळुरी कौलांच्या जुन्या कारखान्यांवरचं प्रदर्शन महिन्याभरावर आलं होतं. बातमीत फोटो छापला होता: नदीकाठच्या आवारात नऊ बायका, प्रत्येकीच्या डोक्यावर ओल्या कौलांची फळी. खाली ओळ होती, 'अनोळखी कामगार स्त्रिया, अंदाजे १९८०'.

"आम्हीच लिहिलं, अक्का. फोटो देणाऱ्यांनी नावं दिली नव्हती."

"अनोळखी कुणाला? ही डावीकडून दुसरी मी आहे. मी तर मला ओळखते."

मी या जागेवर बावीस वर्षं आहे. लोक आजोबांचं नाव शोधायला येतात, जमिनीचे कागद मागतात. आमच्या कागदावरची ओळ चुकीची आहे, ती खोडा, असं सांगायला आजवर कुणी आलं नव्हतं. मी त्यांना नियम सांगितला: फोटोतल्या माणसाची ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, आणि एक अर्ज.

"दोन कशाला? जिवंत आहेत तेवढ्या सगळ्या आणते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या तिघींना घेऊन आल्या. गुलाबी, फ्लोरिन आणि काठी टेकत सेसम्मा. मी मूळ फोटो काढून दिला आणि चौघींची डोकी त्यावर वाकली.

"ही मी," गुलाबी म्हणाली.

"ती तू नव्हेस, ती कुसुमा. तुझी कंबर एवढी कधी होती गं?" फ्लोरिन म्हणाली.

"तुझ्या लग्नात नाचले तेव्हा होती. तुझा नवरा तुला सोडून माझ्याकडे बघत होता."

"त्याला एका डोळ्याने कमीच दिसायचं."

वाचनकक्षात एवढं हसणं मी कधी ऐकलं नव्हतं. तासाभरात नऊच्या नऊ नावं अर्जावर आली. डावीकडून तिसरीच्या चेहऱ्यावरून मात्र फ्लोरिनने नुसतं बोट फिरवलं. मग जलजाक्षीअक्काच म्हणाल्या, "अप्पी. लिही."

अप्पी १९८२च्या मार्चमध्ये गेली. कौलं वाळवायचा लाकडी माळा भर दुपारी तिच्या अंगावर कोसळला. चौकशीला अधिकारी आला तेव्हा कारखान्याने सांगितलं, ही बाई आमच्याकडे कामाला नव्हतीच, कुणाला तरी पेज द्यायला आत शिरली होती. हजेरीपटावर तिचं नाव नव्हतं हेही खरं, कारण नव्या बायकांची नावं वर्ष वर्ष चढवतच नसत. जलजाक्षीअक्का तेव्हा एकोणतीस वर्षांच्या होत्या, शाळा पाचवीपर्यंत झालेली. सगळ्या बायका खाली बघत असताना त्या अधिकाऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दोन वर्षं ती माझ्या शेजारी फळी उचलते आहे. ती पाहुणी असेल तर मीही पाहुणीच."

आठव्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. नंतर कुठल्याच कौलांच्या कारखान्याने त्यांना दारात उभं केलं नाही. तीस वर्षं त्यांनी आईच्या घरात बसून विड्या वळल्या. सांगताना त्यांच्या आवाजात रड नव्हती. "हात रिकामे राहिले नाहीत, आणि तोंडही कुणी बंद केलं नाही," एवढंच म्हणाल्या.

मी नावं सूचीत चढवली आणि नियमाप्रमाणे देणगीदारांना कळवलं. फोटो कारखान्याच्या धनींच्या नातवाने, दयाकर यांनी, दिला होता. सोबत कारखान्याचे नकाशे, साचे, पत्रव्यवहार अशा चौदा पेट्या. अर्धं प्रदर्शन त्यावरच उभं होतं. चार दिवसांत त्यांचं उत्तर आलं: बाकी नावांना हरकत नाही, पण अप्पी नावाची कामगार आमच्याकडे कधीच नव्हती. ते नाव राहिलं तर आम्हाला पेट्या परत न्याव्या लागतील.

आमचे संचालक डॉ. हेब्बार सज्जन माणूस, पण भांडणाला भिणारे. त्यांनी जलजाक्षीअक्कांना बोलावून घेतलं, चहा मागवला.

"अक्का, मधला मार्ग काढू. अप्पीचं नाव ठेवू, पुढे कंसात लिहू, 'या कामगार नसल्याचे देणगीदारांचे म्हणणे आहे'."

"तिच्या डोक्यावर काय आहे, साहेब?"

"फळी."

"पाहुणी आली की तुमच्या घरी तिच्या डोक्यावर ओली कौलं देतात का?"

हेब्बारांनी दयाकरांचं पत्र पुढे ओढलं. "ते म्हणतात, फोटोसाठी कुणालाही उभं केलं असेल. फोटोपलीकडे काही पुरावा आहे का?"

अक्कांनी चहाचा पेला तसाच ठेवला. "आहे. पण इथे द्यायचा की नाही ते ठरवलं नव्हतं. त्यांच्या पेट्या घेताना तुम्ही त्यांना पुरावा विचारला होता?"

हेब्बारांनी नकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी रिक्षातून अक्कांची पत्र्याची ट्रंक उतरली. आत कामावरून काढल्याचं पत्र, चौकशीतल्या जबाबाची हाताने केलेली नक्कल, त्याच फोटोची एक छोटी प्रत आणि सात कॅसेटी. १९८१मध्ये अक्कांचा भाऊ बहरीनहून टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. जेवणाच्या सुट्टीत बायका त्यावर गाणी म्हणत, नकला करत.

अक्कांनी दाखवलेल्या पाच नंबरच्या कॅसेटला बुरशी धरली होती. मी फीत उलगडून दोन दिवस ती मऊ कापडाने पुसली. तिसऱ्या दिवशी हेब्बार, अक्का आणि मी यंत्रासमोर बसलो. आधी नुसती खरखर. मग भांड्यांचे आवाज, कुणीतरी तारलीचं कालवण जास्त खारट झाल्याची तक्रार करतंय. आणि मग एक तरणा, खणखणीत आवाज, जाड केलेला, हजेरी घेणाऱ्या मेस्त्रीची नक्कल करणारा:

"गुलाबी! तोंडातलं पान थुंक आणि हजर म्हण. फ्लोरिन! आज कुठला सण, का येशूनेच सुट्टी दिली? अप्पी! ए अप्पी, दोन वर्षं झाली, अजून तुझी होडी वेळेवर पोचत नाही?" मग तोच आवाज, स्वतःचा होऊन: "मेस्त्री, नदीला विचारा. आणि तेवढं माझं नाव पुस्तकात लिहा, मग उशिराचं बोला."

मागे सगळ्या बायका खदखदून हसल्या.

अक्का हसल्या नाहीत. त्यांनी हेब्बारांकडे पाहिलं. "ही अप्पी. पुस्तकात लिहा म्हणतेय ती. चाळीस वर्षं झाली, साहेब."

हेब्बारांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि मला म्हणाले, "कंस काढा."

पेट्या गेल्या. दयाकरांनी टेम्पो पाठवला आणि चौदाच्या चौदा नेल्या. त्यांचा फोटोही गेला. अभिलेखागाराच्या समितीने हेब्बारांना बैठकीत उभं-आडवं घेतलं. प्रदर्शन लागलं ते निम्म्या भिंती मोकळ्या ठेवून, आणि दारासमोरच्या भिंतीवर ट्रंकेतल्या छोट्या प्रतीवरून मोठा केलेला फोटो, खाली नऊ नावं.

ट्रंक दान करण्याचा करारनामा मी अक्कांसमोर ठेवला. त्यात एक रकाना असतो: 'पाहण्यास मनाई असल्यास कारण व मुदत'. मोठमोठी घराणी तिथे तीस वर्षं, पन्नास वर्षं लिहितात. अक्कांनी माझं पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'कुणालाही अडवायचं नाही'.

"त्या रकान्यात असं लिहीत नाहीत, अक्का."

"मग तुझा रकाना चुकला."

प्रदर्शनाच्या दुसऱ्या आठवड्यात अक्का एका बाईला हाताला धरून घेऊन आल्या. वारिजा, अप्पीची मुलगी. आई गेली तेव्हा दोन वर्षांची होती; मावशीने वाढवली. आईचा आवाज तिला ठाऊकच नव्हता. मी तिच्या कानांवर हेडफोन लावला, पाच नंबरची कॅसेट सुरू केली. ती टेबलाची कड घट्ट पकडून बसली. खालचा ओठ दातात धरलेला. मध्येच तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले.

आसपास चार-पाच जण वाचत बसले होते. भिंतीवर शांतता राखण्याची पाटी होती. अक्का माझ्या खुर्चीपाशी आल्या.

"तिच्या कानांवरचं काढ. मोठ्याने लाव."

"अक्का, इथे नियम..."

"अप्पीचं नाव चोरून ठेवलं होतं. आवाजही चोरून ऐकायचा का?"

मी तार उपटली. कॅसेट मागे नेली आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.