तिजोरी पुन्हा लिहायला मीच सांगितलं होतं

करोनाच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या टीममध्ये एक मराठी मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची. नवऱ्याच्या नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला आलेली, आठ वर्षं नोकरीबाहेर. तिचा अर्ज मीच पुढे केला होता. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. आमची भेट फक्त स्क्रीनवर. ती मला ताई म्हणायची.

क्लाउडवर काय काय हवं ते आम्ही एका फाइलमध्ये लिहितो. फाइल चालवली की लिहिलेलं उभं राहतं. पासवर्ड ठेवायच्या तिजोरीत एक नवा पासवर्ड घालायचा, एवढंच तिचं काम होतं. तिजोरी ही त्या पासवर्डची पेरेंट, म्हणजे पासवर्ड जिच्या आत राहतो ती. ती आधीपासून असली, तर तसं सांगून फाइलमध्ये फक्त तिचं नाव द्यायचं. तीच पुन्हा पूर्ण लिहून काढली, तर क्लाउड नवं लिहिलेलं खरं धरतो आणि जुनी मांडणी पुसून टाकतो.

तिने चॅटवर नेमकं हेच विचारलं होतं. "ताई, तिजोरी आधीच आहे ना? मग इथे परत कशाला लिहायची?"

न्यूनेनच्या घरात स्वयंपाकघराचं टेबल हेच माझं ऑफिस होतं. समोर लेकाची ऑनलाइन शाळा चालू होती आणि त्याचा मायक्रोफोन सारखा बिघडत होता. मी लिहिलं, "माझ्या जुन्या फाइलमध्ये तसंच आहे. चालतं." ती जुनी फाइल कोऱ्या तिजोरीसाठी होती, हे आठवायचे कष्टही मी घेतले नाहीत. तिची फाइल तपासायला माझ्याकडेच आली. ती न उघडता मी मंजूर केली.

दुसऱ्या दिवशी आमच्या कंपनीच्या टिलबर्गच्या गोदामातले सगळे स्कॅनर बंद पडले. तिजोरी उघडायची परवानगी कुणाकुणाला आहे ती यादीच पुसली गेली होती, त्यामुळे स्कॅनरना पासवर्ड मिळत नव्हते. दुपारपर्यंत ट्रक दारात उभे होते.

संध्याकाळच्या कॉलवर आमच्या डच मॅनेजरने शांतपणे विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

"मी," ती म्हणाली.

"आणि तपासलं?"

"मी. नजरेतून सुटलं," मी म्हणाले. चॅटबद्दल मी बोलले नाही. तीही बोलली नाही. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज मला आजही वाटते.

वसंतात तिचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. तेव्हा कुठे मी मॅनेजरला खरं सांगितलं. तो म्हणाला, "हे त्याच दिवशी सांगायला हवं होतंस." तोवर तिच्या जागी दुसरा माणूस ठरला होता.

मग मी तिला फिरायला बोलावलं. दीड मीटर अंतर ठेवून आम्ही कालव्याकाठी चाललो. मी सगळं सांगितलं.

"माहीत आहे, ताई. चॅट माझ्याकडेही होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला आत घेतलं होतंत. वाटलं, तुम्ही बोलाल."

माफी मागितली तेव्हा तिने मान हलवली, पण "असू दे" म्हणाली नाही. पुलापाशी सायकलचं कुलूप काढून ती गेली. पुढे तिला दुसरीकडे काम मिळालं, ते मला तिच्याकडून नाही, तिच्या नवऱ्याकडून कळलं.