अर्जुनाच्या झाडावरची चप्पल

रामदासपेठेतला फ्लॅट विकून नदीकाठी घर बांधायचं, असं बायकोनं पक्कं ठरवलं होतं. म्हणून मे महिन्यात एक दलाल आम्हाला सातपुड्यातल्या एका खोऱ्यात जागा दाखवायला घेऊन गेला. दोन्हीकडे टेकड्या, मधे गुडघाभर पाण्याची नदी आणि काठावर गार सावली. बायको हरखून गेली. मला मात्र इतक्या देखण्या जागांचा संशय येतो. जरा पुढे टेकड्या एकमेकींच्या एवढ्या जवळ आल्या होत्या, की नदी त्यांच्यामधून अंग चोरून जात होती. पावसाळ्यात सगळ्या खोऱ्याचं पाणी त्या फटीतून कसं जाणार?

"इथं पाणी कधी चढतच नाही, भाऊ," दलाल म्हणाला.

मी वर पाहिलं. अर्जुनाच्या झाडावर, दोन पुरुष उंचीवर, एक निळी रबरी चप्पल अडकली होती.

"हे काय गा?"

"वानरानं नेली असन."

"आणि हे पाहा. बाजूच्या झाडायवर तर तेवढ्याच उंचीवर वाळलेलं गवत लटकून राहिलं."

"ते वानरायचे घरटे हायेत."

मला या माणसाचं कौतुकच वाटलं. बायकोनं विचारलं, "तुमचं स्वतःचं घर कुठं हाय, भाऊ?"

त्यानं बेसावधपणे टेकडीच्या माथ्याकडे बोट दाखवलं. "तिथं. सारं गावच वर हाय."

"मग आमालेबी तिकडंच दाखवा," म्हणत तिनं चढाची वाट धरली. दलाल आमच्या मागून धापा टाकत आला. वानरांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.