अंतराळातल्या चाच्याची बोली

नवरा गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका दरोडेखोराचे संवाद लिहायचं काम माझ्याकडे आलं.

ब्रह्मपुरीच्या शाळेत मी एकतीस वर्षं मराठी शिकवलं. निवृत्त झाले आणि त्याच वर्षी नवरा गेला. मुलगी बंगळूरला असते. माझी एक जुनी विद्यार्थिनी पुण्यात नोकरी करते. तिची कंपनी महानायकांची जुनी परदेशी कॉमिक्स मोबाइलवर वाचण्यासाठी मराठीत आणते. एक दिवस तिचा फोन आला. "मॅडम, तुम्ही घरीच असता ना? भाषांतर कराल का?"

'घरीच असता ना' हे ती सहज बोलून गेली. मी हो म्हटलं.

पहिलं पुस्तक अंतराळातल्या एका चाच्याचं होतं. त्याचा एक डोळा काचेचा आणि अंगात लांब लाल कोट. त्याच्या जहाजाला शिडं होती आणि ती सूर्याच्या उजेडावर चालायची. येणारीजाणारी यानं तो लुटायचा. प्रत्येक गोष्टीच्या शेवटी महानायक येऊन त्याला बदडायचा, जहाज मोडायचा आणि त्याला काळ्या पोकळीत भिरकावून द्यायचा. महानायक परतला की अख्खं शहर टाळ्या वाजवायचं. चाच्याकडे फक्त एक लोखंडी पोपट होता. तो याचीच वाक्यं यालाच परत ऐकवायचा. चाच्याचा स्वतःचा ग्रह फार पूर्वी जळून गेला होता, हे एका पानावर कोपऱ्यातल्या चौकटीत उरकून टाकलेलं होतं.

अडचण शब्दापासूनच सुरू झाली. समुद्रावरच्या लुटारूला आपण चाचा म्हणतो, पण आमच्याकडे हिंदी इतकी मिसळलेली की चाचा म्हणजे काकाच. शेजारच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अंतराळातले चाचा? कोनाचे?"

दुसरी अडचण फुग्यांची. पात्राचं बोलणं ज्या पांढऱ्या फुग्यात असतं तो इंग्रजीच्या मापाचा काढलेला. 'मला अडवण्याची हिंमत कोण करणार आहे?' हे वाक्य त्यात मावेना. मी कापत गेले. वाक्य मावलं, पण त्यात जीव उरला नाही. आठवडाभर चाचा माझ्या कागदावर परिपत्रकासारखा बोलत होता.

एका दुपारी ते वाक्य मी मोठ्यानं म्हणून पाहिलं आणि उत्तरासारखं कानात आलं, "मले कोन अडवते?"

आवाज नवऱ्याचा होता.

तो चामोर्शीकडचा, तिकडची झाडीबोली बोलणारा; मी नाशिकची. तो बसस्टँडवर कंट्रोलर होता. गाड्यांची नावं माइकवर पुकारायचा. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घरी येऊन म्हटलं होतं, "अहो, माइकवर तरी नीट बोला." तो हसला होता. "गाडी लागली हाय, हे लोकायले समजलं ना? मंग झालं." वर्गात मुलांच्या वह्यांतले 'मले', 'तुले', 'काऊन' मी लाल शाईनं खोडायची, घरी त्याचे तोंडानं खोडायची. सुरुवातीला त्याला त्याची गंमत वाटायची. पुढे पुढे तो माझ्याशी कमी बोलू लागला. तेव्हा मला वाटलं, वयानं शांत झाला.

त्या दुपारी मी चाच्याची चार पानं एका दमात लिहिली. "काऊन रे पोपटा, चूप काऊन बसला?" "जहाज मोडलं तं मोडू दे, म्या काई मेलो नाई." सगळं फुग्यात अचूक मावत होतं. पुढचे बारा दिवस मी सकाळी चहा घेऊन टेबलाशी बसायची आणि घरात कोणीतरी बोलत असायचं. एक वाक्य तर मी रचलंच नाही, ते नवऱ्याचंच होतं. आजारपणात खिडकीकडे पाहत तो म्हणाला होता, "मले घरी जावं वाटून राह्यलं." तेव्हा मी म्हटलं होतं, "अहो, घरीच आहात ना." ते मी चाच्याला दिलं, पोकळीत तरंगतो त्या पानावर.

पुस्तक पाठवलं. चार दिवसांनी विद्यार्थिनीचा फोन.

"मॅडम, मी वाचताना रडले. पण आमच्या संपादकांनी परत पाठवलंय."

"का गं?"

"महानायक पुण्याचं बोलतो, पोलीस पुण्याचं बोलतात, आणि चोर तेवढा आमच्याकडचं. ते म्हणतात, लोक चिडतील. आणि मॅडम... मीपण नागभीडची आहे. मलापण जरा लागलं."

तिच्या वहीतले 'मले' मीच खोडलेले होते. मी म्हटलं, "मग महानायकालाही झाडीबोलीत बोलू दे." ती हसली. मी खरंच विचारत होते, हे तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गडचिरोलीवरून चामोर्शीला गेले, नणंदेकडे. नवऱ्याची ही थोरली बहीण; तिला सगळे बाई म्हणतात, मीही. ती अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी कागद काढले आणि अख्खी गोष्ट वाचून दाखवली. पोपटाच्या जागी ती खळखळून हसली. पोकळीच्या पानावर तिचे हात थांबले.

"हा तं माह्या भावासारखा बोलते."

"हो, बाई."

"मंग त्याले चोर काऊन केलं?"

"मी नाही केलं. पुस्तकात चोरच आहे तो."

"पुस्तकात शयरातले लोकं नाई? चांगले? त्याइले काऊन नाई देल्लं हे बोलनं?"

इतक्या वर्षांत ती भाषा मी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लिहिली होती, आणि ती कोणाच्या तोंडी शोभेल हे ठरवताना माझा हात सरळ दरोडेखोराकडे गेला होता. मी तसं तिला सांगून टाकलं. तिनं सूप खाली ठेवलं. "तो मनायचा, घरात मास्तरीन हाय, तोंड सांभारून बोला लागते," ती म्हणाली. त्यात राग नव्हता. मग मला जेवायला बसवलं आणि पोकळीचं पान पुन्हा वाचायला लावलं. शेवटी ते तिनं मागून घेतलं. तिला वाचता येत नाही.

घरी येऊन मी चार दिवसांत चाच्याला प्रमाण मराठीत आणलं. 'अंतराळ लुटारू' असं नाव ठरलं. पुस्तक आलं, मोबाइलवर पाहिलं. चित्रं सुरेख दिसतात. लुटारू व्यवस्थित, शुद्ध बोलतो.

आता दुसरं पुस्तक चालू आहे, त्यात बर्फाचा राक्षस आहे आणि तो फारसा बोलत नाही. परवा भाजी चिरताना मी स्वतःशीच म्हणून पाहिलं, "मले भूक लागून राह्यली." उच्चार बरोबर होता. तरी ते नाशिकच्या बाईनं पाठ केलेलं वाक्य वाटलं. मी आणखी एकदा म्हटलं, मग भाजी फोडणीला टाकली.