जलकुंभीची पर्स

कपाट उघडलं की त्या पर्समधून अजूनही वाळल्या गवताचा ओलसर वास येतो, आणि मला लग्नानंतरचं पहिलं नवरात्र आठवतं. उत्तरेतल्या माझ्या सासरच्या गावी लक्ष्मी ताल नावाचं तळं आहे; त्यातली जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, उपसून, तिचे देठ गच्चीवर वाळवून, वेणीसारखे गुंफून ती मी स्वतः विणली होती. सासूबाई म्हणाल्या, "तळ्यातली घाण खांद्याला लावून देवळात येणार? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत," आणि तीच घेऊन ऑटोत बसले. त्यांच्या मांडीवर सदर बाजारातून आणलेली नवी चामड्याची पर्स होती, आणि घाईघाईत देवीची ओटीही त्यांनी तिच्यातच ठेवली होती. तालाकाठच्या महालक्ष्मीच्या दारात पुजाऱ्यांनी हात आडवा केला, "माताजी, चमड़ा अंदर नहीं जाएगा." चामड्यात ठेवलेली ओटी देवीला कशी चालणार? समोरच्या दुकानातून नवा खण-नारळ घ्यावा लागला. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "तुझी पर्स दे इकडे, ओटी ठेवून पदराखाली धरते." मी दिली नाही. "ओटी हिच्यातच ठेवा," मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हटलं, "पण झाकायची नाही." त्यांची पर्स बाहेर चपलांशेजारी राहिली, आणि ज्या तालातून देठ उपसले होते, त्याच तालाच्या देवीपुढे मी माझी उघडली. आता तिचा बंद दोनदा बदललाय. अजूनही कुणी 'गवताची पर्स' म्हणून हसलं, की मी ती खांद्यावर जरा आणखी पुढे ओढून घेते.