दादाचं डिस्कॉर्ड, आप्पांचा अबोला

बातमी आली तेव्हा मी भूमच्या आठवडी बाजारात चपलेचा अंगठा शिवून घेत होतो. शाळेच्या कामासाठी गेलो होतो, परतीच्या एसटीला तासभर अवकाश होता. एका पायात चप्पल, दुसरा पाय पोत्यावर. तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भावजी, हे गेले हो," एवढंच म्हणाल्या.

अंगठा शिवून झाला. मी चप्पल घातली आणि पहिला फोन केला तो बब्रुवान आप्पांना. बहिणीला नाही, पुण्यात असलेल्या पुतण्याला नाही. दादाची प्रत्येक खबर नऊ वर्षं आप्पांपर्यंत मीच नेत आलो होतो. ही पण नेली.

आता घरी माणसं बसायला येतात. चहा होतो, आणि मग कुणीतरी म्हणतं, "ते सीताफळाचं आठवतंय का?" की झालं! किस्से असेच साठत जातात. घडत असताना आपण वैतागलेलो असतो, त्यामुळं हा किस्सा होतोय हे कळतच नाही. मी तर नऊ वर्षं वैतागलेलो होतो.

\*

आमचं गाव अणदूरच्या पुढं. दर शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजन. दिगंबर बुवा गायचे. पेटीवर माझा थोरला भाऊ, दादा. हायस्कूलला इंग्रजी शिकवून रिटायर झालेला, म्हणून गावाचा 'सर'. पखवाजावर बब्रुवान आप्पा. शेती करून पखवाज वाजवतात की पखवाज वाजवून शेती, हे त्यांच्या बायकोला म्हणजे कोंडाकाकूंनाही नक्की सांगता येत नाही. आणि पेटी व पखवाज यांच्या मधल्या जागेत टाळ घेऊन मी.

एकदा आम्ही तुळजापूरला भजन स्पर्धेला गेलो. त्या दिवशी पखवाज पेटीशी जुळेना. म्हणजे दादाच्या मते जुळेना. आप्पांच्या मते चोख लागलेला. बुवांनी पहिला अभंग उचलला आणि दादाचं तोंड असं झालं, जसं काही दाताखाली खडा आलाय. दुसऱ्या अभंगाला त्याला राहवेना. माझ्याकडं वळून तो म्हणाला, "डिस्कॉर्ड!"

समोर माईक होता!

सगळ्या मंडपानं ऐकलं. मागच्या बाजूनं टाळ्या आल्या. लोकांना वाटलं, आता इंग्रजीतून गजर सुरू होतोय!

बक्षीस मिळालं नाही, हे सांगायला नको. परतीच्या जीपमध्ये मागच्या सीटवर दादा, मधे मी, पलीकडं आप्पा. नळदुर्ग यायच्या आधी आप्पांनी साधंच विचारलं, "सर, ते माईकमधी काय म्हणालात?"

दादानं 'बेसूर' म्हटलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. पण तो पडला मास्तर. शब्दाचा अर्थ विचारला की त्याला मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन पडत नसे.

"मूळ लॅटिन आहे, आप्पा. डिस म्हणजे दूर, वेगळं. कॉर म्हणजे काळीज. काळजं एकमेकांपासून वेगळी झाली, असा मूळ अर्थ."

आप्पांनी मान माझ्याकडं वळवली. मग मला म्हणाले, "अरुण, सरांना सांग, पखवाज लागलेला व्हता. आन् काळीज बी जाग्यावर व्हतं. पण त्येंनी चार मान्सांत तोडून टाकलंय, तर तसंच सही."

दादा म्हणाला, "ऐकलं मी."

"सरांना सांग, म्या त्येंच्याशी बोललोच न्हाय."

\*

अबोला सुरू झाला तेव्हा आम्हाला वाटलं, दोघांपैकी एक जण मंडळ सोडणार. कुणीच सोडलं नाही. दोघंही शनिवारी सगळ्यांच्या आधी हजर. बुवा म्हणाले, "सोडायचं तर तसं एकमेकांना सांगावं लागंल ना!"

पहिल्याच आठवड्यात मी तडजोडीला लागलो. दादा म्हणाला, "मला दुसरं काही नको. एकदा आप्पांना म्हणू दे, त्या दिवशी पखवाज लागला नव्हता. मी त्यांच्या घरी जाऊन पाया पडतो." मी आप्पांकडं गेलो. आप्पा म्हणाले, "एकदा सरांना म्हणू दे, काळजाचं चुकून बोललो. म्या बी पाया पडतो."

म्हणजे दोघंही पाया पडायला तयार! मी आनंदानं दोघांचे निरोप दोघांना पोचवले. दोघांनी एकच उत्तर दिलं.

"आधी त्यांना म्हणू दे."

\*

पेटी आणि पखवाज यांना एकमेकांशी बोलल्याशिवाय भजन पुढं सरकत नाही. वेग वाढवायचाय, थांबायचंय, चाल बदलायचीय, सगळं माझ्यामार्फत. तेही टाळ वाजवत.

एकदा बुवांच्या जावयानं मोबाइलवर रेकॉर्डिंग करून पाहुण्यांच्या ग्रुपवर टाकलं. त्यात अभंग कमी आणि मीच जास्त. "दादा, आप्पा म्हणतात वाढव. आप्पा, दादा म्हणतो वाढवलंय. दादा, आप्पा म्हणतात ह्याला वाढवणं म्हणत न्हायत."

सोलापूरच्या एका पाहुण्यानं खाली लिहिलं, "भजन ठीक. मधले निवेदक उत्तम!"

\*

दादा स्वस्थ बसणारा नव्हता. त्यानं पोत्यात बांधून ठेवलेल्या जाड डिक्शनऱ्या काढल्या. आप्पांनी धरून ठेवलेल्या अर्थापेक्षा बरा अर्थ कुठंतरी असणारच, असं त्याचं म्हणणं. वहिनी म्हणायच्या, "अहो, सरळ जाऊन बोला की. चार घरं सोडून तर राहतात." दादा पान उलटत म्हणायचा, "पुराव्याशिवाय कसं जाऊ?"

आणि एक दिवस पुरावा सापडला. इंग्रजांचाच म्हणे घोळ झाला होता. या शब्दातलं काळीज त्यांच्या ध्यानातून गेलं आणि कॉर्ड म्हणजे तार, तसलंच काहीतरी असणार, असं ते धरून चालले. गाण्यातल्या अर्थाला त्याचा हातभार लागला.

"आप्पांना सांग," दादा देवळात म्हणाला, "मी वापरला तो गाण्यातला शब्द. काळजाचा प्रश्नच नाही. तारेचा आहे."

आप्पा पखवाजाला कणीक लावत होते. मान वर न करता म्हणाले, "अरुण, सरांना इचार, पखवाजाला तार असती का?"

दादा म्हणाला, "नसते."

"पेटीला?"

दादानं पेटीकडं बघितलं. "नसते."

"मग बिघडली कुनाची? अरुणची?"

बुवा इतके हसले की त्या दिवशी अभंग पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाला. दादा पेटीच्या भात्यामागं तोंड लपवून हसला. आप्पांना ते दिसलं. पण दिसलं असं त्यांनी दाखवलं नाही.

\*

सीताफळांचा किस्सा माझ्या घरातला आहे, म्हणून जपून सांगतो.

दादानं पुढचा अर्थ काढला तो देवीचा. रोमन लोकांत म्हणे या नावाची देवीच होती, भांडण लावणारी. तिचीच ग्रीक बहीण म्हणावी अशी एक. तिला एका लग्नाचं आमंत्रण दिलं नाही. तिनं भर मांडवात सोन्याचं सफरचंद टाकलं. त्यावर लिहिलेलं, 'सगळ्यात सुंदर असेल तिला'. तीन देवी त्यावरून भांडल्या आणि शेवटी मोठं युद्ध झालं. दादानं ही गोष्ट बुवांना सांगितली, पण आवाज आप्पांना ऐकू जाईल असा लावला.

पुढच्या सोमवारी आप्पांनी बांधावरच्या सीताफळांची पाटी माझ्याकडं दिली. "सरांच्या घरी दे. सांग, सगळ्यात चांगलीला."

आमचं घर एकत्र. दारात वहिनी आणि माझी बायको, दोघी उभ्या.

"कुणाला दिलीत म्हणाले?" वहिनींनी विचारलं.

माझी जीभ एवढ्या वर्षांत निरोपाला इतकी सरावली होती की मी जसाच्या तसा सांगून बसलो. "सगळ्यात चांगलीला."

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात चहा दोनदा व्हायला लागला. दोन पातेली, दोन गाळण्या! सीताफळं पिकून फुटली तरी पाटीला कुणी हात लावेना. कोणी आधी उचलायचं?

तिसऱ्या दिवशी कोंडाकाकू पदर खोचून आल्या. "बांध आमचा, झाड आमचं, पानी म्या घातलं, आन् चांगली दुसऱ्याच्या घरची व्हय?"

घरात अशी आग लागलेली आणि दादा खूश! "अरुण, पळ. आप्पांना सांग, अर्थ अगदी बरोबर कळलाय!"

आप्पांचं उत्तर आलं, "सरांना सांग, म्या तीन दिस बिनसाखरंचा चहा पितोय."

\*

दिवाळीला दादाचा मुलगा ओंकार पुण्याहून आला. कानाला मोठे हेडफोन लावून कॉम्प्युटरसमोर एकटाच बडबडत, हसत बसलेला. दादानं विचारलं, "कुणाशी बोलतोस?"

"मित्रांशी, बाबा. डिस्कॉर्डवर."

दादा खुर्चीत बसलाच. "कशावर?"

ओंकारनं दाखवलं. ॲपचं नावच ते. कुणी बंगळूरात, कुणी दुबईत, सगळे एका जागी गप्पा मारतायत. दादाचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "म्हणजे आता या शब्दावर लोक बोलायला येतात? काय पण नाव ठेवलंय पठ्ठ्यानं!" लगेच मला पिटाळलं. "आप्पांना सांग, अर्थ बदलला. आता डिस्कॉर्ड म्हणजे लांबची माणसं जवळ येऊन बोलतात ती जागा."

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरांच्या पोराला इचार, तितं मधी अरुणसारका मानूस लागतो का?"

ओंकार म्हणाला, "माणूस नाही लागत काका, पण सर्व्हर लागतो."

तेव्हापासून आप्पा पाहुण्यांना माझी ओळख करून देतात, "ह्यो आमचा सर्व्हर."

\*

गेल्या उन्हाळ्यात दादाच्या हातांना थरथर आली होती. तरी तो पेटी सोडत नव्हता. एका शनिवारी भजनाआधी त्यानं शेजारच्या दोन पट्ट्या एकदम दाबल्या. कसंतरीच वाजलं. बुवांनी कान धरले. मग दादानं त्यातलं एक बोट उचलून पुढच्या पट्टीवर ठेवलं, आणि तेच कसंतरी वाजणारं एकदम गोड झालं.

"आप्पांना सांग," तो म्हणाला, "इंग्रजी संगीतात डिस्कॉर्ड म्हणजे चूक नव्हे. तिथं मुक्काम करता येत नाही, एवढंच. पुढचा सूर यावा लागतो. तो आला की आधीचंही बरं वाटतं."

हा निरोप मला द्यावा लागला नाही. आप्पा पखवाज लावायची हातोडी हातात धरून ऐकत होते. मला वाटलं, सुटलो!

"अरुण," आप्पा हळूच म्हणाले, "सरांना इचार, फुडचा सूर कुनी लावायचा?"

दादाही तितक्याच हळू म्हणाला, "ज्याचा चुकला त्यानं."

"सरांना सांग, आमचा चुकला न्हवता."

"आप्पांना सांग, चुकला होता."

"सरांना सांग, न्हवता."

"आता आरतीच घ्या!" बुवा ओरडले.

\*

तेराव्यानंतरच्या शनिवारी दुपारी आप्पा खांद्याला पखवाज अडकवून आमच्या घरी आले. अबोला धरल्यापासून पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत. वहिनींनी चहा आणला. त्यांनी तो बशीत ओतला आणि तसाच ठेवला. दादाच्या फोटोकडं बघितलं नाही.

"अरुण, सरांची पेटी काढ."

मी पेटी काढली. "आप्पा, मला वाजवता येत नाही."

"तुला कुनी वाजीव म्हन्लंय? काळी दोनची पट्टी दाब, आन् भाता सोडू नगो."

मी पट्टी दाबून भाता मारत राहिलो. आप्पा पखवाज मांडीवर घेऊन बसले. थाप मारायची, ऐकायचं, हातोडीनं वादीखालचा लाकडी गठ्ठा सरकवायचा, परत थाप. माझा हात भरून आला. मी जरा ढिला पडलो की ते नुसते डोळे वर करायचे. वहिनी दाराला धरून उभ्या होत्या. आणखी एक थाप, आणखी एक, आणि मग पेटी कुठली आणि पखवाज कुठला, हे मलासुद्धा कळेना.

आप्पांनी हातोडी खाली ठेवली.

"सरांना सांग," ते पखवाजाकडं बघत म्हणाले, "त्या दिशी लागला न्हवता."

"सांगतो," मी म्हणालो.

त्यांनी गार झालेला चहा पिऊन टाकला, पखवाज खांद्याला अडकवला आणि ते देवळाकडं गेले.

मी अजून सांगितलेलं नाही.