दुसऱ्या हाफचा बॉल

चामड्याला चोळलेल्या एरंडेलाचा वास आला, की मी सुरू होण्याआधीच बुडवलेला तो सामना आठवतो. साठीच्या दशकातली गोष्ट. दिग्रसच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानावर आमचा फुटबॉल संघ आणि पुसदकर, दोघेही आपल्याच बॉलसाठी अडून बसले होते. आमचा बॉल एरंडेल पिऊन जड झालेला, त्यांचा नवाकोरा, हलका. पुसदकरांना शेवटची एसटी गाठायची होती. पंच मी; गळ्यात शिट्टी, डोक्यात पेपरातलं ज्ञान. म्हटलं, "अरे, पयल्या वर्ल्ड कपच्या फायनललेही हेच भांडन झालं. पयला हाफ अर्जेंटिनाच्या बॉलनं खेळले, दुसरा उरुग्वेच्या." दोघांनाही पटलं. मी ऐटीत शिट्टी तोंडाला लावली, तोच पुसदच्या कप्तानानं विचारलं, "मंग जितलं कोन, मास्तर?" माहीत असलेलं मी कधी पोटात ठेवलंय? "उरुग्वे. पयले मांगं व्हते, आपला बॉल आला अन् जितले." झालं. आता दोघांनाही आपला बॉल दुसऱ्याच हाफला हवा. टॉसही कोणी मानेना. एसटीचा हॉर्न वाजला आणि पुसदकर बॉल काखेत मारून पळाले. घरी ताट वाढताना बायको म्हणाली, "अवो, कोन जितलं थे मॅच झाल्यावर सांगतलं असतं, त काय पोट दुखलं असतं तुमचं?"