गुळाचा खडा

वर्गात शिरण्याआधी इंदूबाई पर्समधल्या डबीतून गुळाचा खडा काढून तोंडात टाकायच्या. म्हणायच्या, "वाचायला बसण्याआधी पोटात काहीतरी हवं. पेशीचंही तसंच."

मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. शिक्षण चौथी. पण काचपट्ट्या पुसता पुसता कानावर पडायचं. पेशीत जनुकांची पोथी असते, तिची नक्कल उतरवावी लागते. एटीपी नावाचं द्रव्य त्या नकलेत विटेसारखं बसतं. चौऱ्याऐंशी साली बाई परदेशी मासिकातून वाचून सांगू लागल्या की आपल्यासारख्यांच्या पेशीत नक्कल सुरू करायलाच तेच एटीपी बळ म्हणून आणखी वेगळं खर्चावं लागतं. सगळं मांडून ठेवलं तरी त्या बळाशिवाय आरंभ नाही.

एकाच वस्तूची दोन कामं मुलांच्या डोक्यात शिरेनात. एकदा आमच्याकडे पेज पिताना बाई हे बोलल्या. आमची ही म्हणाली, "त्यात काय कठीण? भात एकच. थोडं पेरायचं, थोडं नांगरणाऱ्याच्या पोटात. तो उपाशी राहिला तर बी मातीत जायाचं कसं?" बाईंनी दुसऱ्या दिवशी तेच शिकवलं.

विभागप्रमुखांनी बाईंना बोलावलं. मी कपाट लावत होतो. "एटीपी म्हणजे वीट. तुम्ही पोरांना गवंड्याची भाकरी शिकवताय."

"भाकरीशिवाय गवंडी वीट उचलेल का, सर?"

"पुस्तकात दाखवा."

बाईंनी मासिक पुढे केलं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. "चुकीचं शिकवलं असं लिहून द्या, नाहीतर पुढच्या वर्षी नेमणूक नाही."

घरी म्हातारी आई, कमावत्या एकट्या बाई. तरी म्हणाल्या, "खोटं लिहायला हात उठत नाही." जूनमध्ये त्यांच्या जागी दुसरा माणूस आला. मी तोंड मिटून कपाटच लावत राहिलो. त्याची लाज अजून जात नाही.

चार वर्षांनी नव्या पुस्तकात तेच छापून आलं. आणि हाच विभागप्रमुख भर वर्गात भाताचा दाखला देऊन तेच शिकवू लागला. बाईंचं नाव नाही. आमच्या हिचे शब्द, आणि शाबासकी ह्याला. मी घरी येऊन आदळआपट केली. ही शांतपणे म्हणाली, "बोलूंदे. बाईंना परत बोलावलान काय?"

नव्हतं बोलावलं.

ही गेली त्याला आता दीड महिना झाला. तांदूळ आहेत, लाकडं आहेत, चूल सारवलेली आहे. शेजारची डबा देते तो तसाच परत जायचा. काल शेवटी गुळाचा खडा तोंडात टाकला, आणि चूल पेटवली.